जयू गाडीत बसली की

"बाई, तुम्ही लग्नाला एस.टी.नंच जाणार ना?"

जयू माझ्या खोलीच्या दारात उभी होती. तिच्या आईनं माझ्यासाठी पाठवलेली कोथिंबीर वड्यांची ताटली तिच्या हातात होती, पण ती खाली ठेवायचं तिला भान नव्हतं.

"अगं, तुझे काका तर म्हणाले, मोटारीत जागा आहे, नवरीबरोबरच चला."

"मग मी कुणाबरोबर जाऊ?"

"म्हणजे?"

"मी एस.टी.नं जाणार आहे. एकटीला आई सोडत नाही. तुम्ही असलात तर सोडेल."

मी ताटली तिच्या हातातून घेतली आणि तिला आत बसवलं.

ही गोष्ट आजऱ्याची, माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि नलवड्यांच्या भाताच्या गिरणीमागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. गिरणी अप्पा नलवड्यांची. अप्पांचे थोरले भाऊ फौजेत, कुठं तरी दूर सरहद्दीवर. त्यांची बायको आणि मुलगी जयमाला इथं अप्पांच्याच घरात. जयमाला म्हणजे जयू, सहावीत होती, माझ्याच वर्गात. अप्पांच्या धाकट्या बहिणीचं, सुधाचं, लग्न चार-पाच दिवसांवर आलं होतं आणि ते कोल्हापुरात होतं. सुधा ही जयूची सगळ्यांत लाडकी आत्या. करवली म्हणून नवरीच्या मागं उभं राहायचं, हे या मुलीनं सुपारी फुटायच्याही आधी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यासाठी हिरवा परकर शिवून झाला होता. तो मला दोनदा दाखवूनही झाला होता.

"करवलीनं नवरीबरोबर मोटारीत नको का बसायला?" मी विचारलं.

"मी बसले की मोटार बंद पडते."

वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते, असं एखादं मूल सांगतं ना, तितक्या सरळपणे तिनं हे सांगितलं.

मी हे आधी ऐकलं होतं, पण गंमत म्हणून. दिवाळीनंतर जयूचा कान वाहायला लागला. कानाच्या डॉक्टरांकडं दर महिन्याला कोल्हापूरला न्यावं लागे. अप्पांची जुनी करडी मोटार होती. हिरण्यकेशीचा पूल ओलांडून गाडी चढाला लागली की आचके देई आणि बंद पडे. खटपट करून सुरू झाली की पुन्हा पुढं कुठं तरी तेच. गावात, शेतावर, बाजाराला जाताना मात्र गाडी अगदी शहाण्यासारखी वागे. मिस्त्रीनं कार्बुरेटर उघडून साफ केला, प्लग बदलले, पॉइंट बदलले, स्वतः गावभर फिरवून बघितली आणि सांगितलं, "अप्पा, हिला काहीही झालेलं नाही."

तेव्हा अप्पा हसत म्हणाले होते, "गाडी ठणठणीत आहे हो. आमची जयू बसली की तिला लाजायला होतं."

अप्पा मनाचे मोठे. भाचरं-पुतणी अंगाखांद्यावर खेळवणारे. त्यांनी ते बोलून सोडून दिलं. पण गिरणीवर दिवसभर माणसं येत आणि बोलणं कोंड्यासारखं सगळीकडं उडे. दोन महिन्यांत 'जयू बसली की' एवढंच कुणी म्हटलं, तरी पुढचं सांगावं लागत नव्हतं. मग कुणी तरी ते हसण्यावारी न्यायचं सोडलं. लग्नाच्या हळकुंडांना जात्यावर हात लावायला पाच सवाष्णी बसल्या तेव्हा जयू हौसेनं पुढं सरकली. एक लांबची चुलत आजी तिला म्हणाली, "पोरी, तू जरा मागं बस." बाकी काही नाही, एवढंच.

ते मी पाहिलं होतं. जयू मागं जाऊन बसली होती आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत होती, "मला इथूनपण दिसतंय."

"आई काय म्हणते?" मी तिला विचारलं.

"आई म्हणते, खुळी आहेस. गाडी काय माणूस बघून बंद पडते?"

"मग?"

"पण पडते ना, बाई!"

आई रोज समजावत होती आणि गाडी दर महिन्याला आईला खोटं पाडत होती.

"बरं. तू नसताना त्या रस्त्यावर कधी बंद पडली?"

"नाही. पण कोल्हापूरला ती माझ्यासाठीच तर जाते."

"तू असताना कधीच नीट चालली नाही?"

जयूनं विचार केला. ती घाईनं उत्तर देणारी मुलगी नव्हती. वर्गात सगळे हात वर झाले की मग हिचा सावकाश वर यायचा.

"बाजारात नेतात तेव्हा चालते. पण ते जवळ आहे. माझं चालू व्हायला जरा वेळ लागत असणार."

मला हसू आलं, ते मी गिळलं. "तुझ्यामुळं होतंय की नाही, हे कसं शोधायचं? वर्गात आपण कसं शोधतो?"

"मला वगळून बघायचं. त्याच रस्त्यानं, तसंच सगळं, फक्त मी नाही. मग नाही बंद पडली, तर मीच."

"आणि पडली तर?"

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. असंही होऊ शकतं, हे तिच्या मनातच आलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी अप्पांना गाठलं. ते गिरणीच्या पायरीवर बसून मांडववाल्याशी भांडून नुकतेच मोकळे झाले होते.

"बाई, लग्न तोंडावर आलंय आणि मी पेट्रोल जाळत हिंडू?"

"नवरी घेऊन जायचंय त्याच गाडीतून. आधी बघितलेलं बरं नाही का?"

"तेही खरंच." त्यांनी मान खाजवली. "जयूला एस.टी.नं आणा म्हणजे तो प्रश्नच मिटला, असं मी समजत होतो."

"तुम्हालाही खरंच तसं वाटतं?"

"छे हो! मी आपलं..." ते थांबले. "वाटत नाही. पण लग्नाचं काम आहे, उगीच कशाला."

"कोल्हापूरला निघताना जे जे करता, ते सगळं उद्या करायचं. काहीही बदलायचं नाही."

"म्हणजे टाकी फुल करायची?"

"दर वेळी करता?"

"लांब जायचं तर करतोच की. एरवी गावात फिरायला कशाला फुल? लिटर-दोन लिटर घालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयू गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली. गाडी निघताना तिनं मला खिडकीतून सांगितलं, "बाई, मी तुमची आठवणसुद्धा काढणार नाही. नाहीतर प्रयोग बिघडायचा."

गावाबाहेरच्या पंपावर अप्पांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. आम्ही पूल ओलांडला. चढ लागला, एक वळण गेलं, आणि गाडीनं आचका दिला. मग आणखी एक. अप्पांनी ती कडेला घेता घेताच इंजिन गप्प झालं.

अप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"पोरगी तर घरी आहे," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडं वळून, अर्धे हसत, "तुम्ही मनात तिचं नाव तर नाही ना घेतलंत?"

त्यांचं हसू तिथंच विरलं.

ते उतरले आणि कामाला लागले. बॉनेट उघडलं, बाटलीतल्या पाण्यानं फडका भिजवून इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर टाकला. मग मागं जाऊन टाकीचं झाकण काढलं, गाडी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकला, झाकण लावलं, येऊन किल्ली फिरवली. गाडी सुरू!

"हे असं दर वेळी करता?"

"अगदी असंच. उन्हानं पेट्रोल पंप तापतो, ओला फडका टाकला की गार होतो. मिस्त्रीनंच सांगितलंय."

"आणि झाकण?"

"ते आपलं पेट्रोल आहे का बघायला. मनाची समजूत."

थोडं पुढं गेल्यावर गाडी पुन्हा बंद पडली. मी म्हटलं, "अप्पा, आता एका वेळी एकच करू. फडका भिजवून टाका, पण झाकणाला हात लावू नका."

फडका टाकला. किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हत राहिलं. पुन्हा भिजवला, पुन्हा तेच. अप्पा घामाघूम झाले. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं "अप्पा, आज कोण बसलंय गाडीत?" असं ओरडून विचारलं आणि माझ्याकडं बघून तो वरमला.

"आता फडका काढून टाका आणि झाकण उघडा," मी म्हटलं आणि त्यांच्यामागं गेले.

झाकण फिरलं तसा टाकीतून आवाज आला. फुस्स. खूप वेळ श्वास कोंडून धरलेल्या माणसानं तो सोडावा तसा.

"हा आवाज दर वेळी येतो?"

"येतो की. पेट्रोलची वाफ असते ती."

"वाफ बाहेर आली, की हवा आत गेली?"

अप्पांनी झाकणाकडं बघितलं, टाकीच्या तोंडाकडं बघितलं. मग जाऊन किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन बोललं.

परत येताना मी म्हटलं, "घरी एवढंच सांगा, तिच्याशिवायही बंद पडली. बाकी काही नाही."

"का? सापडलंय ना दुखणं? सांगून टाकू पोरीला, सुटेल बिचारी."

"सांगत तर तिची आईही रोज होतीच, अप्पा. तिचं तिलाच सापडू दे."

जयूनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं. मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"तुझ्या आत्याची शपथ!" अप्पा म्हणाले.

"शपथा घालून प्रयोग होत नाहीत, काका."

पण ती दुपारभर माझ्या मागं मागं होती. लग्नघर असल्यानं स्वयंपाकघरात तेलाचा नवा डबा फोडत होते. जयूच्या आईनं खिळा ठोकून एका कोपऱ्यात भोक पाडलं, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं.

"वहिनी, दुसरं भोक कशाला हो?" मी विचारलं.

"अहो बाई, एकाच भोकानं तेल येतं का? दुसरं नको वाऱ्याला?"

"जयू, त्या भोकावर बोट दाबून धर बरं."

तिनं बोट दाबलं. आईनं डबा कलंडला. तेलाची धार पडली, बारीक झाली, डब्यात गुडगुड झालं आणि धार थांबली.

"डब्यातलं तेल संपलं?" मी विचारलं.

"नाही. भरलाय की."

"मग?"

"आत वारा जात नाही, म्हणून तेल बाहेर येत नाही." तिनं बोट काढलं, धार सुरू. ठेवलं, बंद. हा खेळ ती बराच वेळ करत राहिली. मग डबा थोडा रिकामा झाल्यावर बोट ठेवलं, तर धार थांबायला जास्त वेळ लागला. ते तिनंच पाहिलं. "आत मोकळा वारा जास्त असला की लगेच थांबत नाही, बाई."

"मोटारीच्या टाकीतूनही पेट्रोल पुढं जात असतं," मी म्हटलं. फक्त एवढंच.

तिचं बोट डब्यावरच राहिलं. तिनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तेलकट हातानंच ती अंगणात पळाली.

मी पोचले तेव्हा ती गाडीच्या मागं उकिडवी बसली होती. "काका," ती अप्पांना हाक मारत होती, "टाकी भरली की बंद पडते का? थोडं पेट्रोल असलं की नाही पडत ना? मग हिचं दुसरं भोक बुजलं असणार! कुठं असतं ते?"

"झाकणातच असतं एवढंसं," अप्पा म्हणाले. मला जे कळलं होतं, ते त्यांनीही वाटेत मनाशी जुळवलं होतं. "बघ, मधोमध..."

ते थांबले. जयूही थांबली होती.

झाकणावर जाड, वाळून दगड झालेला शेंदूर होता. मी सकाळी तो पाहिला होता, पण पूजेचा शेंदूर, त्यात काय पाहायचं?

"हा शेंदूर..." अप्पा म्हणू लागले आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मी लावला," जयू म्हणाली. "दसऱ्याला."

दसऱ्याला गाडीची पूजा जयूच करायची. अप्पांनी तो मान तिला दिला होता. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांना हळदकुंकू, हार. गाडी पिते ती या झाकणातून, म्हणजे हेच तिचं तोंड, असं तिनं ठरवलं होतं आणि तिथंही ती कुंकू लावायची. पण कुंकू पहिल्या धुण्यात निघून जायचं. म्हणून गेल्या दसऱ्याला तिनं मारुतीला लावतात तसा तेलात कालवून शेंदूर लावला. निघू नये म्हणून दोन हात लावला.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते ते खरंच होतं. गाडी माझ्यामुळंच बंद पडत होती."

तिला बोटाला धरून मीच इथवर आणलं होतं. दारात तिची आई येऊन उभी राहिली होती.

अप्पा जड अंगाचे, खाली बसायला त्यांना त्रास व्हायचा. तरी ते तिच्या शेजारी मातीत बसले.

"जयू, हे झाकण मी दर वेळी माझ्या हातानं उघडलं. तो शेंदूर माझ्या बोटांखाली होता. आणि उघडून, लावून, वर पुन्हा मी तुझंच नाव घेतलं."

"पण शेंदूर मीच लावला ना."

"लावलास."

जयू झाकणाकडं बघत राहिली. मग तिचा तो सावकाश वर येणारा हात मला जणू दिसला.

"काका, पूजा तुम्ही केली असती आणि शेंदूर तुम्ही लावला असता तर?"

"तर माझ्यामुळं झालं असतं."

"तुम्ही गाडीत बसला होता म्हणून?"

"अगं, मी तर रोजच बसतो."

"म्हणजे बसण्याचा काही संबंध नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "बाई, लावण्याचा आहे."

"लावण्याचा आहे," मी म्हटलं.

"लावलेलं काढता येतं."

तिच्या आईनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन सोडवली आणि तिच्यापुढं धरली. जयूनं झाकण मांडीवर घेतलं आणि शेंदूर खरवडायला लागली. घाई नाही, रडणं नाही. भोक उघडलं तसं तिनं झाकणाला तोंड लावून फुंकर मारली आणि पलीकडं माझा तळहात धरून ठेवला. "लागतोय वारा?"

"लागतोय."

संध्याकाळच्या आत आम्ही पुन्हा तोच रस्ता धरला. पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली, आणि जयू पुढच्या सीटवर. पूल आला तेव्हा तिनं श्वास धरला, चढाला तो सोडला. गाडी गेली ती सरळ चढाच्या माथ्यावर. अप्पा हॉर्न वाजवत सुटले. जयू हसली खरी, पण ती सारखी रस्त्याकडं बघत होती.

तिला पटलं का, ते मला समजलं नाही. पेपरात उत्तर बरोबर येणं वेगळं.

लग्नाच्या दिवशी पहाटेच निघालो. पुढं अप्पा, त्यांच्या शेजारी मी. मागं शालूत सुधा, जयूची आई आणि मधे हिरव्या परकरातली जयू, मांडीवर करवलीचा करा धरून. पूल गेला, गडहिंग्लज गेलं, निपाणी मागं पडली. सुधाच्या डोळ्यांतलं पाणी आता थांबलं होतं आणि ती जयूच्या वेणीतला गजरा नीट करत होती.

कागलच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना ऊस होता तिथं, गाडी एकदम हिसकली. मग एका अंगाला ओढली जायला लागली. अप्पांनी ती कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

कुणी जयूकडं बघितलं नाही. सुधा समोर बघत होती, वहिनी उसाकडं, अप्पा स्टिअरिंगकडं. मी आरशात बघायचं टाळलं. मुहूर्त गाठायचा होता आणि सगळ्यांनी मिळून न बघणं त्या गाडीत मावत नव्हतं.

मागं हालचाल झाली. जयूनं करा सुधाच्या हातात दिला.

"धर जरा, आत्या."

आईचे गुडघे ओलांडून ती दाराबाहेर पडली. परकराचा ओचा एका हातात धरून ती मागं गेली. टाकीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. फुस्स झालं नाही. झाकण लागलं. मग पावलं गाडीच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि थांबली.

आम्ही चौघं आत तसेच बसून होतो.

"काका!" तिचा आवाज मोकळ्या शेतातून आल्यासारखा खणखणीत आला. "चाक बसलंय. मागचं. केवढा खिळा घुसलाय, या बघा!"

अप्पांनी दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. तोवर जयू खिडकीशी आली होती. हात मातीनं भरलेला, गजरा एका कानावर लोंबत होता.

"बसून काय राहिलाय?" ती म्हणाली. "उतरा सगळे. नवरीनंसुद्धा उतरायचं. जॅक लावायचाय."